प्रश्नचिन्हांची ओळ

प्रिय भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र थोडा वेळ बाजूला ठेवाल. ठेवा. पण बुधवारच्या आत वाचा. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून लिहायला बसले.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहिलं तर खोटं होईल. तुमच्या दादांबरोबर लिफ्ट दुरुस्त करणारे त्यांचे जोडीदार परवा आले होते. "वहिनी, त्यांचा तो मोठा पाना तेवढा द्या, तसा दुसरा मिळत नाही," म्हणाले. दिला. पिशवीत पाना होता तेवढ्या जागी तेलाचा डाग आहे. तो पुसायचं मनात येतं आणि राहून जातं. भाजी अजून दोघांची चिरली जाते.

सोमवारी चौकशीचे साहेब येऊन गेले. तुमच्या कंपनीने लिहून दिलंय की दवाखान्याच्या नोंदींचा तुम्ही केलेला प्रोग्राम बरोबर होता, वॉर्डातल्या सिस्टरने नोंद नीट पाहिली नाही. त्या पोरीला घरी बसवलंय. ती माझ्याकडे आली होती. बस म्हटलं तरी बसली नाही, दारातच उभी. म्हणाली, "मावशी, कोणतं औषध चालत नाही त्या चौकटीत नुसती प्रश्नचिन्हं होती हो. मला वाटलं, पेशंटला काही माहीत नाही म्हणून कोणीतरी तसं टाकलंय." वर नाव बरोबर, वय बरोबर, रक्तगट बरोबर. मग तिला शंका यावी तरी कशी? दादांना न चालणारं ते इंजेक्शन तिनेच दिलं. दादा श्वास कोंडून गेले तेव्हा त्यांचा हात तिच्या हातात होता, कारण मी औषधं आणायला खाली गेले होते.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर तुम्ही मला जे सांगितलंत, ते तेव्हा डोक्यात शिरलं नाही. पुढे वाचनालयात जाऊन कॉम्प्युटरवरचं पुस्तक मागितलं. ग्रंथपाल हसले, "ताई, हे तुमच्या कामाचं नाही." तीनदा वाचलं. यंत्राला अक्षर दिसत नाही, आकडे दिसतात, आणि कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर याचे तक्ते निरनिराळे. इंग्रजी अक्षरं आणि अंक जवळजवळ सगळ्या तक्त्यांत एकाच जागी, म्हणून इंग्रजीत लिहिलेलं नाव, वय, रक्तगट शाबूत राहिले. आपली अक्षरं प्रत्येक तक्त्यात वेगळीकडे. दहा वर्षांपूर्वी त्याच इंजेक्शनाने दादा सुजले होते, तेव्हाच्या म्हाताऱ्या सिस्टरने ते आपल्या भाषेत लिहून ठेवलं होतं. तेवढीच ओळ गेली.

जुन्या यंत्रांवर तक्ता ओळखायचं काम ऑपरेटिंग सिस्टीम करायची, तुमचा प्रोग्राम तिला नुसतं विचारायचा. दवाखान्याने यंत्रं बदलली, सिस्टीम दुसरी आली, तिच्यात विचारायला कोणी नव्हतंच. प्रोग्राम अडला नाही. त्याने हाती येईल तो तक्ता धरला, जे बसेना तिथे प्रश्नचिन्ह टाकलं आणि जुन्या नोंदीवरच साठवून दिलं. म्हणजे भाऊजी, तुम्ही शेजाऱ्याच्या चष्म्याने वाचत होतात आणि घर बदललं तेव्हा ते विसरलात. "दुसऱ्या सिस्टीमवर चालवून पाहिलंच नाही, वहिनी, वेळ नव्हता," हे तुमचेच शब्द. आठ दिवसांचं काम होतं, असंही म्हणालात. ओळखायची अक्कल प्रोग्रामच्याच पोटात घालायची, आणि ओळखता आलं नाही तर साठवायचं नाही, थांबून तसं सांगायचं.

मला वाचायला कोणी शिकवलं नाही. तुम्ही सहा वर्षांचे, मी या घरात नवी. तुम्ही शाळेतून येऊन पुस्तक उघडं टाकून खेळायला पळायचात आणि मी चुलीपाशी ते उलटं-सुलटं करून बघायची. एखादं अक्षर नाही आलं तर मागचं-पुढचं बघून ताडायची. कधी चुकायची. पण येत नसेल तिथे बोट ठेवून थांबायची, आणि तुम्ही आलात की विचारायची. दादा चिडवायचे, "पंडिताला शिष्या मिळाली!" तुमच्या पहिल्या नोकरीच्या दिवशी ते प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवून लोकांना सांगत होते.

आता जे लिहिते ते मी त्या साहेबांनाही सांगितलेलं नाही. भरती करताना मी त्या सिस्टरला म्हटलं होतं, यांना एक इंजेक्शन चालत नाही. ती म्हणाली, "कॉम्प्युटरमध्ये सगळं आहे मावशी, नाव सांगा इंजेक्शनाचं, पडताळून बघते." नाव मला आठवेना. घरी जुन्या कागदांत होतं. जाऊन आणते म्हणणार, एवढ्यात दादा म्हणाले, "कशाला खेप घालतेस? आपल्या पंडितानेच केलंय ते." आणि मी, भाऊजी, मान ताठ करून त्या पोरीला म्हणाले, "माझ्या दिराचं काम आहे, त्यात चूक नसते." ती हसली. मीही हसले. अर्ध्या तासाची खेप होती.

तेव्हा तुम्हाला एकट्याला दोष देते आहे असं समजू नका. दोष वाटून कमी होतो असंही मला वाटत नाही. तुम्ही तोंड का लपवता ते मला कळतं. आरशात बघायचं मीही टाळते. पण त्या साहेबांनी जाताना सांगितलं की सिस्टरची चूक ठरली की विषय मिटला, मग पुढच्या महिन्यात आणखी सहा दवाखान्यांत हाच प्रोग्राम, आहे तसा, बसणार. सहा दवाखान्यांत किती खाटा असतील, मी मोजायला गेले नाही.

गुरुवारी अकरा वाजता माझी साक्ष आहे. मी काय म्हणाले ते आधी सांगणार, आणि मग पायऱ्यांवर तुम्ही काय म्हणालात ते. तुम्ही आलात तर तुमचं तुम्ही सांगा, मी शेजारी बसेन. नाही आलात तर तुमचं नाव मला घ्यावं लागेल, आणि मी ते घेईन. लहानपणी तापात तुम्हाला मांडीवर घेऊन बसलेली बाई तुमच्याविरुद्ध बोलली, हे तुम्हाला परक्या माणसाकडून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

तुमचीच,
वहिनी