बारावे रीळ

लिहून ठेवणार: हिम्मतराव नरसिंगराव बिरादार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, मूळ गाव उदगीर तालुक्यातले, राहणार नल्लकुंटा, हैदराबाद. धंदा सिनेमा ऑपरेटर, सोळा वर्षांपासून काही नाही.

हे मृत्युपत्र मी माझ्या मर्जीने लिहीत आहे. कोणी दडपण आणलेले नाही, कोणी काही पाजलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. डावा डोळा कामातून गेला आहे, पण माझी इस्टेट बघायला एक पुरतो. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात राहते घर पुतण्या अनिल याच्या नावे केले होते आणि मुलगी त्रिवेणी हिला काहीही ठेवले नव्हते. ते रागात लिहिले होते. राग आता राहिला नाही, तेवढी ताकदच नाही. ते मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करतो. घर त्रिवेणीला द्यावे की देऊ नये, एवढा एकच प्रश्न माझ्यापुढे आहे. बाकीचे सामान भंगारवाल्याने एका फेरीत नेण्याइतके आहे.

मराठीत लिहितो, कारण मनातले मला दुसऱ्या भाषेत लिहिता येत नाही. रजिस्टर ऑफिससाठी वकील नीलिमाताई भाषांतर करून देणार आहेत. त्रिवेणी इंग्रजी शाळेत शिकली, मराठी वाचताना ती अडखळते आणि अडखळली की सोडून देते. म्हणून कलम सहा व सात तिला वाचून दाखवावे. मधेच उठून गेली तर थांबावे. परत आली की पहिल्यापासून सुरू करावे.

१. माझ्यामागे या लेखाप्रमाणे सर्व करण्याची जबाबदारी अनिल, राहणार तारनाका, याच्यावर सोपवतो. घर त्याच्या नावावरून काढतो आहे हे त्याला सांगितले. तो म्हणाला, "काका, बरं केलंत. मला त्या घराकडे बघवत नव्हतं." तेराव्याला मोजकीच माणसे बोलवावीत. माझा फोटो मोठा करून हार घालू नये. आयुष्यभर मी खिडकीमागे अंधारात उभा राहिलो, आता उजेडात आणू नका.

२. पोस्टातील व बँकेतील जे काही असेल ते नात अश्विनी, राहणार पुणे, हिला द्यावे. माझी बायको भामा हिचे शिलाई मशीनही तिलाच. या मशीनवर भामाने नल्लकुंट्याच्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज शिवले आणि या घराची दारे-खिडक्या त्यातून झाल्या. मशीनला अधूनमधून तेल द्यावे.

भामाची बोरमाळ या यादीत नाही. ती आता घरात नाही. कुठे गेली ते त्रिवेणीला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. त्याबद्दल कोणी तिला विचारू नये.

३. फिल्म जोडायचे यंत्र, रीळ गुंडाळायचा हँडल, दोन लेन्स आणि माझी वही अनिलला.

वहीबद्दल लिहिणे भाग आहे. मागच्या दसऱ्याला अनिल म्हणाला, "काका, जुगाराचे, कॅसिनोचे टॉप टेन पिक्चर सांगा ना. ऑफिसच्या ग्रुपवर वाद चाललाय." चिक्कडपल्लीच्या एका थिएटरात मी एकेचाळीस वर्षे पिक्चर चालवले. त्यात जुगाराचे सदतीस. हिंदी, तेलुगू आणि रविवारी सकाळी इंग्रजी. मी त्याला म्हणालो, दहा नाहीत. ओढूनताणून तीन भरतात.

आमचे हिंदी पिक्चर मी यादीत घेतलेले नाहीत. खलनायकाने तीन राजे उघडले की पब्लिकला कळे, हिरोकडे तीन एक्के आहेत. शिट्ट्या पडत, नाणी पडद्यावर येत, मी पडद्याला भोक पडेल म्हणून जीव मुठीत धरून बसे. इतक्या वर्षांत एकाही हिरोला सत्ती-अठ्ठी आलेली मी पाहिली नाही.

तिसरा नंबर तेलुगू. संक्रांतीला गावात पत्त्यांचा फड बसला आहे, तिसरा दिवस. एका खेळाडूची सासू जेवणाचे ताट घेऊन येते आणि मधोमध, पत्त्यांवरच बसून जेवायला लागते. सावकाश जेवते, ताक पिते. तोवर एकेक माणूस उठून गेलेला असतो. हा पिक्चर चार दिवसांत उतरला.

दुसरा नंबर इंग्रजी, काळा-पांढरा. पत्ते वाटणाऱ्या बाईची गोष्ट. ती स्वतः कधी खेळत नाही. दोन तास लोकांचे हात बघते. शेवटी घरी येऊन पोरांपुढे ताटल्या मांडते, तर त्यासुद्धा पत्ते वाटल्यासारख्या मांडते आणि तिच्या लक्षात येते. मलाही तसे होत असे. घरात दिवा घालवला की मी दहा मिनिटांनी रीळ बदलायला उठत असे.

पहिल्या नंबरचा पिक्चर कलम सहामध्ये येईल. अनिलसाठी एवढेच लिहितो. जुगाराचा पिक्चर किती चांगला, हे जिंकण्याच्या सीनवरून ठरत नाही. त्या सीननंतर पिक्चर किती वेळ चालतो, त्यावर ठरते.

४. मी स्वतः जन्मात एक पत्ता लावला नाही. लॉटरीचे तिकीटही घेतले नाही. हे मोठेपणासाठी लिहीत नाही. मला वाटे, मी खेळत नाही म्हणजे माझ्या घरात हा विषय नाही.

५. खालच्या मजल्यावरचे मुकुंदराव, रेल्वेतून निवृत्त, यांनी त्रिवेणीला शाळेत असताना दिवाळीच्या सुटीत रमी शिकवली. पुढे जे झाले त्याचे खापर मी त्यांच्या माथी फोडले आणि चार वर्षे त्यांच्याशी बोललो नाही. एकाच जिन्याने चढत-उतरत होतो. ते "काय हिम्मतराव" म्हणत आणि मी भिंतीकडे बघत असे. माझे चुकले. रमीने कोणाचे घर जात नाही, निदान बदामाच्या राणीसाठी चिंचोके लावून खेळलेल्या रमीने तरी नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये असे नीलिमाताई म्हणतात, म्हणून मुकुंदरावांना मी फक्त माझा अबोला परत घेऊन देतो.

६. लोखंडी कॉटखालचा पत्र्याचा गोल डबा त्रिवेणीला.

त्यात एका इंग्रजी पिक्चरचे बारावे रीळ आहे. पिक्चर बारा रिळांचाच होता. आमच्याकडे तो रविवारी सकाळच्या खेळाला सात आठवडे चालला. तू तेव्हा दहा वर्षांची होतीस, त्रिवेणी. भामा रविवारी ब्लाऊजांची मापे घेई, म्हणून तू जेवणाचा डबा घेऊन माझ्याकडे येत होतीस आणि खोक्यावर उभी राहून खिडकीतून बघत होतीस. सातही रविवार तू तो पिक्चर पाहिलास.

गोष्ट साधी आहे. एक माणूस कॅसिनोत जातो. बायको स्टेशनवर दोन तिकिटे घेऊन बसली आहे, नऊच्या गाडीने दोघांनी तिच्या माहेरी जाऊन नवे काही सुरू करायचे ठरले आहे. त्याला फक्त गेलेले परत मिळवायचे आहे. अकराव्या रिळाच्या शेवटी तो सगळेच्या सगळे एकोणतीस नंबरवर लावतो. चाक फिरते, गोळी फिरते, आणि एकोणतीस येतो.

पहिल्या रविवारी खेळ लांबला. दुपारच्या खेळाची पब्लिक गेटवर दंगा करत होती. मालक वर आले आणि म्हणाले, "हिम्मतराव, आखरी रील नक्को जी. पब्लिक को जीत के घर जाने दो." मी नोकर माणूस. दुसऱ्या एका पिक्चरचे 'दि एंड' कापले आणि अकराव्या रिळाच्या शेपटाला जोडले. जोड इतका साफ बसला की पडद्यावर टिपकासुद्धा उडाला नाही. खोटे कशाला बोलू, मला अभिमान वाटला. त्या दिवशी आणि उरलेले सहाही रविवार लोक शिट्ट्या मारत बाहेर पडले. बारावे रीळ कोणी पाहिले नाही. मी पाहिले होते, प्रिंट तपासताना, एकट्याने.

तू मात्र विचारलेस. डब्यातली पोळी खाता खाता म्हणालीस, "बाबा, मग तो स्टेशनवर गेला का?"

मी म्हणालो, "गेला ना. दोघं गाडीत बसले."

पुढे तो पिक्चर वाटणाऱ्यांचे ऑफिसच उठले, प्रिंट न्यायला कोणी आले नाही. मालकांनी रिळे भंगारात काढली. बारावे मी पिशवीत घालून घरी आणले. का आणले, ते मलाही सांगता आले नसते. भामाने विचारले तेव्हा लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून ठेवतो म्हणालो, आणि तिने खरेच ठेवले.

भामाच्या वर्षश्राद्धाला तू उशिरा आलीस. ऑफिसच्या कामाने गोव्याला गेले होते म्हणालीस. पंगतीत वाढताना तुझ्या मनगटाला कागदी पट्टा दिसला, कॅसिनोच्या बोटीत चढताना बांधतात तो. काढायचा राहिला होता. पाहुणे गेल्यावर मी विचारले. तू लपवले नाहीस. तुझ्या तोंडावर थकवा होता आणि तरी हसलीस.

"हौ बाबा, जाते मी. कायकू टेन्शन घेता? दरवेळी एकोणतीसवरच लावते. आठवतो ना तो पिक्चर? आपल्या थिएटरातला?"

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी खाली ठेवला आणि आत गेलो. त्याच वेळी सांगायला हवे होते. सांगितले नाही. त्यानंतर बोरमाळ गेली, जावई विजयराव वेगळे राहायला गेले, अश्विनी पुण्याला निघून गेली. मी मुकुंदरावांवर रागावलो, तुझ्यावर रागावलो, मृत्युपत्रातून तुझे नाव काढले. मालकांवरही रागावलो, पण ते कधीच वारले आहेत. जोड माझ्या हातचा होता, हे मान्य करायला मला सात वर्षे लागली.

एका पिक्चरमुळे माणूस जुगारी होतो असे मी म्हणत नाही. तसे असते तर सगळे चिक्कडपल्ली आज रस्त्यावर असते. पण तू मला सरळ प्रश्न विचारला होतास.

या भाद्रपदात मी डबा उघडला. रेल्वेच्या एका जुन्या हॉलमध्ये चालू प्रोजेक्टर आहे असे अनिलने शोधून काढले होते. तुला शेजारी बसवून दाखवीन म्हटले. झाकण निघताच सिरक्याचा आंबट वास आला. फिल्म गुळासारखी चिकटून एक गोळा झाली आहे. आता ती कुठल्याच यंत्रावर चालणार नाही. म्हणून लिहून ठेवतो. ऐक.

तो जिंकलेले पैसे खिशात भरतो आणि दाराशी कोट घ्यायला येतो. कोट सांभाळणारी बाई कोट पुढे धरते. तो एक हात बाहीत घालतो. आतून चाक फिरल्याचा आवाज येतो. तो हात बाहेर काढतो आणि तिला म्हणतो, पाच मिनिटे ठेवा. पुढे तीन डाव आहेत. तिसऱ्यात तो पुन्हा सगळे एकोणतीसवर लावतो. कोणता आकडा आला ते दाखवलेले नाही, कारण तो बघत नाही, टेबलाच्या कापडाकडे बघत राहतो. मग स्टेशन. बायको बाकावर बसली आहे, मांडीवर दोन तिकिटे. गाडी येते, उभी राहते. ती रडत नाही. उठते, खिडकीशी जाऊन एक तिकीट परत करते आणि दुसरे घेऊन गाडीत चढते. गाडी जाते. मागे रिकामा बाक दिसत राहतो, बराच वेळ. त्यावर 'दि एंड' येते. खरे 'दि एंड' ते.

तो गेला नाही, त्रिवेणी. मी तुला खोटे सांगितले.

सदतीसमधला पहिल्या नंबरचा पिक्चर हाच. अकरा रिळांचा असता तर मी त्याला यादीतही घेतले नसते.

७. नल्लकुंटा येथील दोन खोल्यांचे राहते घर: त्रिवेणीला यात तहहयात राहण्याचा हक्क देतो. हे घर तिला विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, कोणाच्या नावे करता येणार नाही. तिच्यामागे ते अश्विनीचे. नीलिमाताई म्हणाल्या, "काका, अट बघून ती रागावेल." रागावू दे. रागावून बसायलाही घर लागते.

त्या बाईने तिकीट परत केले ते योग्यच केले. प्रोजेक्टरशेजारी उभा राहून मीही तेव्हा मान डोलावली होती. पण ती बायको होती, मी बाप आहे. सात वर्षे त्याच बाकावर बसून आहे, गाड्या येतात आणि जातात. मागचे मृत्युपत्र केले तेव्हा मी खिडकीपर्यंत जाऊन आलो. तिकीट माझ्याने परत करवले नाही. ते तिकीट म्हणजे हे घर. सगळे हरून आलीस तरी हे तुझ्याकडून कोणी जिंकून घेऊ शकणार नाही, एवढीच तजवीज केली आहे. गोव्याची गाडी काचीगुडा स्टेशनावर कधीही येवो, खालच्या मजल्यावर किल्ली मागून घे आणि वर ये.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, चष्मा पुसून पुन्हा वाचून, प्रत्येक पानावर सही केली आहे.

हिम्मतराव नरसिंगराव बिरादार
नल्लकुंटा, हैदराबाद. दिनांक १४ डिसेंबर २०२५

साक्षीदार पहिल्या: ॲड. नीलिमा देशपांडे, बरकतपुरा. हिम्मतराव यांनी आमच्या देखत सही केली. मन स्थिर आहे.

साक्षीदार दुसरे: मुकुंदराव कुलकर्णी, तळमजला, नल्लकुंटा. माझ्यासमोर सही केली. किल्ली मिळाली.