डोणगावचे पाच कप

मेहकर,
रविवार, दुपार

तीर्थरूप शारदाताईस,

गोपाळचा साष्टांग नमस्कार. (मी आडवा पडूनच लिहितो आहे, त्यामुळे नमस्कार खरोखरच साष्टांग झाला असे समज.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? चिन्मय जेवतो ना? तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून शेगावला हे पत्र धाडतो. पत्र निदान मध्येच कापता येत नाही.

ताई, सगळ्याचे मूळ माझा थकवा. दिवाळीपासून हा थकवा असा की एका गालाची दाढी झाली की दुसऱ्या गालाआधी टेकावे लागे. भागवत गुरुजींच्या वडिलांच्या तेरवीला मी गुरुजींच्याच खांद्यावर झोपलो. लोकांना वाटले, दुःख अनावर झाले. दोघांनी पाणी पाजले. (घोरायला लागल्यावर खुलासा झाला.) मग जो तो डॉक्टर! माझा दोस्त कारभारी म्हणाला थायरॉईड, शेजारच्या पुष्पाबाई म्हणाल्या बी-बारा, आणि तुझ्या भावजयीचे, चांगुणेचे, निदान लग्नापासून एकच आहे : आळस. शेवटी खऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी झोपेचे विचारले, साखर तपासली, थायरॉईड तपासले आणि सापडले काय, तर अंगात रक्तच कमी. हिमोग्लोबिन आठ! मी आधी खूश झालो, मला वाटले दहापैकी. रक्त कुठून जाते तेही सापडले, पण ती जागा मोठ्या बहिणीला लिहिण्यासारखी नाही. (हल्ली जातो तिथे बसायला उशी नेतो, एवढ्यावरून ओळख.) लोहाच्या गोळ्या दिल्या, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या. गोळीच्या आसपास चहा नको, तो लोह अंगी लागू देत नाही. मी विचारले, आसपास म्हणजे किती? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, तुम्ही बंदच करा.

अशा अवस्थेत तू मला चिन्मयसाठी मुलगी बघायला डोणगावला धाडलेस, वडीलधारा म्हणून. मुलगी लाखात एक, नाव अपेक्षा. अपेक्षा समोर येऊन बसली आणि चिन्मयने पोह्यांचा चमचा नाकाशी नेला. सगळे जमत आले होते गं! आणि चहा आला. मी कपावर हात ठेवला. आपल्याकडे मुलीच्या घरचा चहा नाकारला म्हणजे मुलगी नाकारली, हे काय मला ठाऊक नाही? पण त्या क्षणी मला गोळी आठवली, रीत आठवली नाही. मामा घेत नाही म्हणून चिन्मयने ओठांपर्यंत नेलेला कप खाली ठेवला (हे संस्कार तुझेच), ते पाहून जीपमधून आलेल्या बाकी तिघांनीही ठेवले. पाच कपांवर साय धरू लागली. मुलीचे वडील कडूबा म्हणाले, "पाव्हणे, चहा काऊन नाही घेऊन राह्यले?" आता भरल्या बैठकीत, बायकामाणसांसमोर, मी काय ती जागा सांगू? म्हणालो, "मले थकवा हाय." नेमकी तेवढ्यात चिन्मयने जांभई दिली. (पहाटे शेगावहून निघालेले पोर ते!) कडूबांनी आधी मामाकडे पाहिले, मग भाच्याकडे, आणि आत निघून गेले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, तुमच्या मनात नाही तर आमच्याही नाही.

ताई, पोराचे जमलेले लग्न माझ्या हाताने मोडले. फार वाईट वाटते. थकून झोपतो आणि झोपेतही ते पाच कप समोर येतात. हवे तेवढे बोल, पण फोनवर बोल.

तुझा अशक्त भाऊ,
गोपाळ

ता. क. : पेटीपर्यंत जायचा दम नव्हता म्हणून पत्र उशीखालीच राहिले. मधल्या काळात मी एकटाच एसटीने, उशीसकट, डोणगावला जाऊन आलो. कडूबांना गोठ्यामागे नेले आणि ती जागा, लिंबूपाण्याची गोळी, चहाची बंदी, सगळे सांगून टाकले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "अहो पाव्हणे, मले बी तेच हाय! आधी नाही का सांगायचं!" मग ओसरीवर सगळ्यांदेखत त्या दिवसाचे पाचही कप मी एकट्याने प्यालो, डॉक्टरांची मनोमन क्षमा मागून. पाचवा संपला तशी अपेक्षा एक लिंबू घेऊन आली. "मामा, हे घरी न्या. आज गोळी उशिरा घ्या, आन् चहासंगं नका घेऊ." माझे डोळेच भरून आले. लग्न ठरले, ताई! आता तरी फोन उचल.

ता. क. दुसरा : चांगुणेला पाच कपांचे सांगू नको. डोळ्याला डोळा लागलेला नाही आणि थकवा दुप्पट झाला आहे. तिला सांगितले आहे की आनंदाने झोप उडाली. साखरपुड्यात माझ्या शेजारीच बस, चहा आला की माझा कप तुझ्या कपात गुपचूप ओतून घे. आणि येताना कापसाच्या दोन मऊ उशा आण. एक माझी, एक व्याह्यांची.