सहावा आणि सातवा फेअरवे

३ जानेवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद. द्यायची पद्धत आहे म्हणून देते.

मी फोन उचलत नाही म्हणून रुसू नकोस. फोनवर तोंडातून जे निघेल ते बाळंतिणीच्या खोलीत शोभणार नाही. तुझी भाची आणि तिची मुलगी, दोघी ठीक आहेत. नात नाकाने थेट तुझ्यावर गेलीय, त्याला आता इलाज नाही.

आज गवत कापणाऱ्या मशीनवाल्याचा फोन आला. तू सहावा आणि सातवा फेअरवे, खेळायचे दोन अख्खे गवताचे पट्टे, उखडून टाकलेस म्हणे, कारण गवत मेलंय. टिल्लू, मी त्या गोल्फच्या मैदानाची प्रमुख आहे, चोवीस वर्षं तिथे राबतेय. दीड महिना लेकीकडे काय आले, तू सात महिन्यांचा व्यवस्थापक, मला न विचारता माझं गवत काढतोस. ते झॉयसिया आहे रे शहाण्या. थंडी पडली की ते वाळल्या चाऱ्यासारखं पिवळं पडतं आणि झोपतं, ऊब आली की उठतं. मी आणि अकरा बायकांनी गुडघे टेकून वीत-वीतभर अंतरावर त्याचे ठोंब लावले. ते एकमेकांना मिळायला दोन वर्षं लागली, कारण ते गवतच सावकाश पसरतं. पण पसरलं की चटईसारखं दाट होतं, पाणी कमी मागतं आणि चेंडू त्यावर छान वर टेकून राहतो. हे मी तुला जेवताना दहादा तरी सांगितलं असेल. तेव्हा तू मोबाइलमध्ये होतास.

बाकीच्या फेअरवेंना हात लावू नकोस. खरं काय घडलं ते उलट टपाली कळव.

तुझी (अजून तरी) आक्का

६ जानेवारी

ती. आक्का हिस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. नातीचं वाचून आनंद झाला, नाकाबद्दल तिची माफी मागतो.

आता गवताचं. तू इथे नव्हतीस, म्हणून तुला बोलणं सोपं आहे. रोज सकाळी चार सभासद माझ्या टेबलाशी उभे राहत आणि विचारत की आम्ही वर्गणी वाळवंटात खेळायला भरतो का. अध्यक्षांचे पाहुणे येणार होते. मी स्वतः जाऊन बघितलं, मूठभर गवत ओढलं, ते हातात चुरगळलं. मेलेलंच दिसलं. तुला त्रास नको म्हणून विचारलं नाही. आता तिथे कंत्राटदार हिरवं गवत अंथरून देणार आहे.

समितीला अहवाल द्यावा लागला. त्यात 'मैदानप्रमुखांच्या हलगर्जीमुळे गवत नष्ट झाले' असं वाक्य आहे. मनावर घेऊ नकोस, कार्यालयाची भाषा असते तसली. अठरा तारखेच्या बैठकीत तो विषय आहे. तब्येतीला जप.

तुझा, टिल्लू

९ जानेवारी

टिल्लू,

आशीर्वाद या पत्रात नाहीत, शोधू नकोस.

कार्यालयाची भाषा म्हणे. हलगर्जी या शब्दावर माणसाला कामावरून काढतात, हे मला कळत नाही असं वाटलं का तुला? चोवीस वर्षांत मी एक दिवस उशिरा गेले नाही. तुला या खुर्चीसाठी बोलावलं तेव्हा अध्यक्षांना मीच सांगितलं होतं की पोरगा सरळ आहे. माझी जीभ झडली नाही तेव्हा. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, त्या घरातूनच ऐकू येतील असं वाटलं नव्हतं.

आता सांगते ते कर. आठव्या फेअरवेवर जा. वरची पात ओढून काय होणार आहे, ती वाळलेलीच असते. खुरप्याने बोटभर माती बाजूला कर, आडवा गेलेला जाड देठ सापडेल. तो नखाने सोल. आत काळा, मऊ निघाला तर मी हलगर्जी, राजीनामा लिहून देते. पांढरा निघाला तर अठराला समितीपुढे उभा राहून सांग की चूक तुझी. अहवाल तूच मागे घ्यायचा. आणि उखडलेलं कुठे टाकलंयस? त्यावर रोज पाणी मार, त्यातलं बरंच परत लावता येईल.

आक्का

१२ जानेवारी

ती. आक्कास सा. न. वि. वि.

सकाळी कोणी यायच्या आत गेलो. सहा ठिकाणी सोलून बघितलं. सहाही ठिकाणी पांढरं निघालं, ओलं आणि टणक. उखडलेल्याचा ढीग मागे टाकलाय, त्यातलंही तसंच आहे. तुझं बरोबर होतं.

आणखी एक सांगतो, नाहीतर मला चैन पडणार नाही. उखडायच्या दिवशी तुझ्याबरोबर गवत लावणाऱ्या मावशी मध्ये येऊन म्हणाल्या होत्या की साहेब, हे झोपलंय. शेजारी दोन सभासद उभे होते. खुरपं घेतलेल्या बाईकडून मी शिकतोय असं दिसायला नको, म्हणून मी हसलो आणि मशीन पुढे घ्यायला सांगितली.

पण आक्का, अहवाल मागे घेतला तर माझी खुर्ची जाईल. पोरांच्या शाळा आहेत. तुझ्या नोकरीची तीनच वर्षं उरली आहेत. तू आपणहून निवृत्ती मागितलीस तर मी निरोप समारंभ झोकात करून देईन, अहवालावर चर्चाही होणार नाही. कागद तयार करून सोबत जोडला आहे, फक्त सही हवी. तू नेहमीच मला सांभाळून घेतलंस. लोभ आहेच, तो राहावा.

तुझा, टिल्लू

१४ जानेवारी

मा. व्यवस्थापक यांना,
स. न. वि. वि.

आपल्या अहवालावरचा माझा खुलासा समितीच्या अध्यक्षांच्या नावे लिहून पाकिटात घातला आहे. त्यात चार ओळी आहेत. सोबत आपलं बारा तारखेचं पत्र जोडलं आहे. ते आपण भावाच्या नात्याने लिहिलं होतं, पण व्यवस्थापकालाही लागू पडतं. निवृत्तीचा कागद सही न करता परत पाठवते आहे.

कळावे. लोभाचं घरी बघू.

आपली,
मैदानप्रमुख

ता. क. टिल्लू, हे मात्र आक्का म्हणून लिहितेय. मला सांभाळून घ्यायची सवय आहे, हे तू बरोबर ओळखलंस, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला. मावशींवर हसलास ते वाचल्यावर तर पाकीट लगेच पोस्टात टाकायला निघाले होते. टाकलं नाही. अठराला बैठक अकरा वाजता आहे. मी साडेदहापासून दाराशी बसेन, शेजारी मावशी असतील, पाकीट माझ्या मांडीवर असेल. तू आत जाऊन स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलंस तर ते तुला परत देईन आणि तुझ्या पोरांच्या शाळेचं आपण मिळून बघू. नाही सांगितलंस, तर तुझ्या मागोमाग मी आत येईन. आमच्या दोघींच्या समोरूनच तुला आत जायचंय, दुसरं दार नाहीये त्या खोलीला.