टेंपलबाहेरचा बाक

प्रिय आई,

शनिवारी सकाळी अकरा वाजता तुझा बाप्तिस्मा आहे. तासाभरापूर्वी हेलनचा मेसेज आला, वेळ पक्की झाली म्हणून. मंगळवारी ती आणि दादा विमानात बसतील. आधी अमेरिकेत ट्रेनिंग, मग तीन वर्षं फिलिपाईन्स. त्यांच्या मॉर्मन चर्चने दोघांना तिथल्या एका मिशनचं प्रमुख नेमलंय. तुझा मुलगा बासष्टचा, सून साठीला आलेली, आणि शे-दोनशे तरुण प्रचारकांचे आईबाप व्हायला निघालेत.

तू जाऊन नऊ महिने झाले. बाप्तिस्मा तुझा आहे आणि तुझ्याशी बोलायची सोय नाही, म्हणून हे पत्र. रागाने लिहितेय, आधीच सांगते. परवापर्यंत राग दादावर होता. काल संध्याकाळपासून तुझ्यावर आहे.

मिशनचं मला फेब्रुवारीपासून माहीत होतं. तेव्हा मी फारसं बोलले नाही. फक्त एवढंच म्हणाले, "आईला मावशीकडे साताऱ्याला जायचं होतं, तेव्हा तुला तीन आठवडे रजा मिळाली नाही. आता तीन वर्षं कुठून सापडली?"

"That's not fair, बेबी," म्हणाला. "तेव्हा कौन्सिलच्या नोकरीत रिस्ट्रक्चरिंग चाललं होतं. आता मी रिटायर झालोय."

मावशी वाट बघतच गेली, मग तू गेलीस. फेअर काय असतं मग? आणि मीच का नाही नेलं तुला, हे तू विचारू नकोस. त्यापायीच तर दादाशी बोलताना माझा आवाज चढतो.

गेल्या रविवारी हेलनचा फोन आला. "रवी तुला सांगणार होता, पण त्याला धीर होईना, म्हणून मीच करतेय." निघण्यापूर्वी त्यांना टेंपलमध्ये तुझ्यासाठी बाप्तिस्मा घ्यायचा होता. त्यांच्यात ही रीत आहे. गेलेल्या माणसाच्या वतीने जिवंत माणूस पाण्यात उतरतो. बाईसाठी बाईच लागते, म्हणून तुझ्या जागी हेलन. दादा तुझं पूर्ण नाव घेऊन तिला पाण्याखाली नेणार आणि वर काढणार. ते पाण्याचं कुंड बारा बैलांच्या पाठीवर असतं म्हणे, पुतळ्यांच्या. तू विचारलं असतंस, "वैरण कोण घालतं?"

मला मात्र हसू आलं नाही. मला तो बाक आठवला.

तुलाही आठवतच असेल. दादाचं लग्न छत्तिसाव्या वर्षी ठरलं, तेव्हा तू अख्ख्या मँचेस्टरला पेढे वाटलेस. सकाळी चॅपेलमध्ये सरकारी लग्न लागलं, त्याला सगळे होतो. मग मिरवत टेंपलला गेलो, आणि तिथे दारात कळलं की खरा विधी आत, आणि आत फक्त त्यांच्यातलेच जाणार. बाबा गाडीत जाऊन पेपर वाचत बसले. तू जांभळी पैठणी नेसून बागेतल्या बाकावर बसलीस. वर माझा कोट. मुलाच्या लग्नात आई बाहेर! बॅगेतून थर्मास काढलास आणि मला आल्याचा चहा दिलास. ज्या धर्मात चहा चालत नाही, त्याच्या दारात.

मी धुमसत होते. तू म्हणालीस, "बाग छान ठेवलीय गं यांनी. आत काय असेल?"

"काय असायचंय? विचार तुझ्या मुलाला."

"विचारलं. सांगता येत नाही म्हणाला." आणि मग, "चिडतेस काय एवढी? तो आनंदात आहे ना?"

दीड तास बसलो होतो आपण. तो दीड तास मी दादाला कधी माफ केला नाही. म्हणून सोमवारी फोनवर त्याला म्हणाले, "जिवंत होती तेव्हा आत घेतली नाहीत. आता तिला नको म्हणता येत नाही, तर नाव घेऊन निघालात?"

"नको म्हणता येतं," दादा म्हणाला. "आमचा विश्वास तोच आहे. आपण फक्त दार उघडतो. यायचं की नाही, ते तिने ठरवायचं."

"तिला विचारलं होतंस?"

"हॉस्पिटलमध्ये विचारणार होतो. She looked so tired, बेबी. मला नाही जमलं."

"मग माझं उत्तर घे. नको."

आई, त्याने वाद घातला नाही. "ओके," म्हणाला. "तू नको म्हणतेस तर नाही करणार." आणि खरंच हेलनने टेंपलला फोन करून शनिवारची वेळ रद्द केली. मी जिंकले. जिंकल्याचं काही वाटलं नाही, पण जिंकले.

काल, बुधवारी, तुझं सामान आणायला मँचेस्टरला गेले. घर भाड्याने दिलंय त्यांनी. तुझ्या खोलीत पलंग, खुर्ची आणि ती केटल. तू राहायला आलीस तेव्हा हेलननेच आणली होती ना? "आमच्या किचनमध्ये चहा होत नाही, पण आईंच्या खोलीत आईंचा कायदा." आलं किसायची छोटी किसणीसुद्धा तिने धुऊन, फडक्यात गुंडाळून ठेवली होती. दादा खोके उचलत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. हेलनने बिस्किटांचा डबा हातात दिला. "यात त्यांची वही आहे. आम्हाला दोघांना वाचता येत नाही."

येणार कुठून? रविवारी तू आम्हाला बाराखडी गिरवायला बसवायचीस आणि दादा फुटबॉलला पळायचा. तू म्हणायचीस, "जाऊ दे गं, मुलगा आहे." मी बसायचे. त्याचाही राग आहे, लिहून ठेव.

ट्रेन स्टोकच्या पुढे गेल्यावर वही उघडली. पहिली कितीतरी पानं नुसती नावं. तुझी आई, आजी, पणजी, त्यांची माहेरं, सासरं. दादाने दोन वर्षं दर रविवारी तुला विचारून उतरवून घेतली होती, ती. तू मला फोनवर कौतुकाने सांगायचीस, "दादाला आपल्या घराण्याचं केवढं वेड लागलंय." मला तेव्हाच कळायला हवं होतं की ही नावं टेंपलच्या कुंडाकडे चाललीत. मला वाटलं, मला नाही कळलं, तर तुला काय कळणार?

तुला सगळं कळत होतं. प्रत्येक नावापुढे तुझ्या अक्षरात बारीक लिहिलंय. "पाण्याचं झालं." आजीपुढे, "झालं. तिला पोहायला आवडायचं."

आणि शेवटच्या पानावर, खाली:

"माझ्या मागे दादाला माझं पाण्याचं करायचं असेल तर करू द्यावं. निदान आत काय आहे ते तरी बघीन. बेबीला सांगू नये, ती चिडेल."

आई, ही काय पद्धत झाली? बेबीला सांगू नये, हे कुणासाठी लिहिलंस? त्या घरात मराठी वाचणारं तुझ्याशिवाय कुणी नव्हतं. ही वही माझ्याच हातात येणार, हे तुला पक्कं माहीत होतं. तोंडावर सांगितलं असतंस तर मी भांडले असते, हे मान्य. पण भांडायला तू समोर असतीस. आता मी कुणाशी भांडू? हेलनशी, जिने तुझी किसणी धुऊन ठेवली?

तासभर वही मांडीवर घेऊन बसले. खोटं सांगत नाही, मिटून ठेवायचा विचार आला. कुणाला कळलं असतं? दादा मंगळवारी गेला असता, आणि मी म्हटलेलं "नको" तुझंच होतं असं आयुष्यभर समजला असता. लंडनला यूस्टन स्टेशनवर उतरले तोवर मला तेच करायचं होतं.

घरी येऊन कोट न काढता फोन केला. शेवटचं पान वाचून दाखवलं. दादा म्हणाला, "Again." पुन्हा वाचलं. मग हेलनने फोन घेतला आणि विचारलं, "बेबी, काय सांगितलंस तू त्याला? खाली बसलाय तो."

माझा राग गेलेला नाही. दादा चाललाय त्याचा आहे, मावशीचा आहे, बाकाचा आहे, तू मला न सांगितल्याचा सगळ्यात जास्त आहे. सप्टेंबरात तुझं वर्षश्राद्ध मी एजवेअरला माझ्या घरी करीन. गुरुजी विचारतील, मुलगा नाही का? सांगीन, आहे, दुसऱ्यांची मुलं सांभाळायला गेलाय.

आणि शनिवारचा शब्द देते. पहाटेच्या ट्रेनचं तिकीट काढलंय. मला आत घेणार नाहीत, मला जायचंही नाही. तुझी केटल आणि किसणी आता माझ्याकडे आहेत. थर्मास भरून आणते. अकराच्या आधी त्याच बाकावर जाऊन बसते. या वेळी तू आत जा आणि सावकाश बघ. नाही पटलं तर बाहेर ये. मी आहेच.

तुझी,
बेबी