अर्ध्या इंचाची गोटी

२० सप्टेंबर १९६४, रविवार. अकोला.

आज सकाळी अंघोळ, पूजा आटोपून गाडीखाली शिरलो. दिव्याची वात सरळ जळत होती, म्हणून मुहूर्त चांगला समजलो.

गाडी विलायती, जुनी. जिनिंगच्या मालकांनी नवी घेतली आणि ही मला दिली. इतकी वर्षं त्यांच्या काट्यावर कापूस मोजला, त्याची आठवण ठेवली. जिनिंगच्या बैलजोडीनं ओढून आमच्या अंगणात आणली. सुभद्रा कुरडया वाळवते ती जागा गाडीनं घेतली. त्यावर ती काही बोलली नाही. गाडी तिला आवडलेली दिसते.

इंजिनाचा एक नट निघाला की पुढचं सगळं सोपं आहे. त्या नटाशी झटत असताना सुभद्राचे पाय दिसले. शेजारी ट्रंक. ती माहेरी, हिवरखेडला निघाली होती. "मी निघून राहिली," म्हणाली. मी म्हटलं, तेवढा पाना दे. तिनं वाकून हातात दिला. पाय थोडा वेळ तिथंच होते. मग म्हणाली, "याल ना न्यायले?" मी म्हटलं, आता तुला न्यायला मोटारच येईल. गाडीखालून बोलल्यामुळे आवाज भारदस्त आला.

बाहेर आलो तोवर टांगा गेला होता.

तिनं दिलेला पाना डिकीतला निघाला, गाडीइतकाच जुना, गंजका. तिथंच टाकून दिला. असल्या पान्यांनी काम होत नाही. शास्त्रशुद्ध सॉकेट सेट पाहिजे. निश्चय: दसऱ्याला मोटारनं हिवरखेड.

२२ सप्टेंबर, मंगळवार.

बाजारात ओमप्रकाशच्या लोखंडी सामानाच्या दुकानात गेलो. सॉकेटला तो गोटी म्हणतो. त्यानं विचारलं, गोटीचा सेट इंचाचा पाहिजे की एम.एम.चा? मी म्हटलं, चांगला. तो म्हणाला, "चांगले तं दोन्ही हायेत काकाजी. तुमचा नट कोणता हाय?"

घरी येऊन नट मोजला. सुभद्राची शिवणाची फीत लावली. अर्ध्या इंचाहून केसभर जास्त भरला. फीत जुनी आहे, ताणली गेली असणार. अर्धा इंच धरला.

परत निघालो तेवढ्यात आठवलं, पितृपक्ष लागला. या दिवसांत लोखंड घरात आणायचं नाही. थांबावं लागेल. विचार करायला वेळ मिळाला, हे बरंच झालं.

सवयीनं दोघांचा भात लावला. उरला.

२७ सप्टेंबर, रविवार.

दिवसभर गाडीखाली. सेट नाही, पण अभ्यास केला. शेजारचे नत्थुजी, पोस्टातून रिटायर झालेले, भिंतीवरून डोकावले. म्हणाले, "वामनराव, लोक मोटारीत बसतात. तुमीच एकटे मोटारीखाली झोपून राह्यले!"

पोस्टातल्या माणसाला इंजिन काय कळणार.

कालचा भात फोडणीला टाकला.

६ ऑक्टोबर, मंगळवार. घटस्थापना.

आणला! इंचाचा. निळी पत्र्याची पेटी, आत एकेका गोटीला एकेक खण, लहानापासून मोठ्यापर्यंत, प्रार्थनेला बसल्यासारख्या ओळीत. दांड्याला रॅचेट म्हणतात. एका बाजूनं फिरवला की पकडतो, दुसऱ्या बाजूनं फिरवला की करकर वाजतो.

संध्याकाळी दिवा लावून बसलो. घरात आवाज नाही. जरा वेळ रॅचेट फिरवत बसलो. करकर, करकर. सुभद्रा सुपारी कातरते तेव्हा साधारण असाच आवाज येतो. बरं वाटलं.

८ ऑक्टोबर, गुरुवार.

अर्ध्या इंचाची गोटी नटावर बसत नाही. तिच्या पुढची बसते, पण सैल. जोर लावला की घसरते आणि कोपर चेसिसवर आपटतं.

कारण शोधून काढलं. या वर्षी ऑक्टोबरचं ऊन फार आहे. नट फुगला असावा. त्यावर माठातलं पाणी ओतलं. नट थंड झाला, मी भिजलो. गोटी बसली नाही.

११ ऑक्टोबर, रविवार.

पुन्हा ओमप्रकाशकडे. आता एम.एम.चा सेट घेतला. विलायत म्हणजे काही एकच देश नाही, हे मी आधीच लक्षात घ्यायला हवं होतं. पहिला परत करणार होतो, पण त्याच्या पत्र्याला कोपऱ्यात पोचा आलेला. राहू दिला. दोन सेट असलेले बरे.

ओमप्रकाश हात जोडून म्हणाला, "काकाजी, नटच घिऊन या ना दुकानात. लावून पाहू." मी म्हटलं, नट आणता आला असता तर गोटी कशाला घेतली असती? दुकानातले दोघेतिघे हसले. त्याला हसले.

घरी येऊन लावून पाहिलं. एक घट्ट, पुढची सैल. नटाचे कोपरे जरा गोल दिसू लागले आहेत. म्हणजे तो नरम पडतो आहे.

१४ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

हत्यारांची पूजा. दोन्ही पेट्या पाटावर मांडल्या. सुभद्रा असती तर रांगोळी काढली असती. मी पीठ टाकलं.

यंत्राला तेल पाहिजे. दुकानातलं काळं तेल देवापुढे कसं ठेवणार? स्वयंपाकघरात जवसाचं तेल होतं, घरच्या जवसाचं, हिवरखेडहून आलेलं. शुद्ध. एकेक गोटी त्यात बुडवून काढली. रॅचेटमध्ये ओतून चांगलं खेळवलं. चमक अशी आली की मूर्तीच वाटावी. हळदकुंकू वाहिलं.

आज हत्याराला हात लावायचा नसतो. त्यामुळे काम झालं नाही.

१५ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

हिवरखेडला जायचं होतं. नत्थुजींकडे सोनं द्यायला गेलो, तेव्हा सांगितलं की गाडी होतच आली, एक नट तेवढा राहिला आहे. त्यांची बायको जाईबाई म्हणाली, "तुमी जेवता तरी काय भाऊजी? चुलीचा धूर दिसत नाही कधी." आणि कढईतले वडे बांधून दिले.

खाताना वाटलं, हे सुभद्राच्या वड्यांपेक्षा तिखट आहेत. तिला सांगायला हवं.

२५ ऑक्टोबर, रविवार.

आठवडाभर जिनिंगवर कापसाची आवक होती, सेटला हात लागला नाही. आज पेटी उघडली तर गोट्या खणांना चिकटलेल्या. रॅचेट फिरत नाही. करकर बंद. दोन्ही बाजूंनी मुका.

नवं यंत्र मुरत असावं. आणखी जवसाचं तेल सोडलं.

संध्याकाळी दिवा लावून बसलो. सवयीनं रॅचेट हातात घेतला. आवाज नाही. लवकर निजलो.

२९ ऑक्टोबर, गुरुवार.

तेल पुन्हा सोडलं. रॅचेट आता पेटीतूनच निघत नाही. झाकण लावलं तर झाकणही चिकटलं.

हिशेब केला: दिवाळीला सुट्टी. सुट्टीत गाडी पूर्ण. भाऊबीज तिनं भावाकडे करावी, हेच रीतीला धरून. त्यानंतर मी मोटारनं. म्हणजे उशीर झालेलाच नाही.

२ नोव्हेंबर, सोमवार.

काट्यावर देवराव आला, सुभद्राचा भाऊ. कापसाची गाडी घेऊन. वजन होईपर्यंत उभा राहिला. मी त्याला दोन्ही सेटबद्दल सविस्तर सांगितलं. इंच, एम.एम., सगळं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "भाऊजी, सकायची एस.टी. आली का आमची बाई दारात येते. उतरणारे सारे उतरेपर्यंत उभी राह्यते. मंग भाकरी टाकाले जाते."

मी म्हटलं, एस.टी. कशाला पाहते? मी तर मोटारनं येणार.

"मी बी तेच सांगतलं तिले. तं म्हणे, येनारा मानूस एस.टी.नं बी येते."

काट्याचा लंगर हलत होता. तो स्थिर होईपर्यंत मी तिकडेच पाहिलं. वजन दोनदा घ्यावं लागलं.

४ नोव्हेंबर, बुधवार. लक्ष्मीपूजन.

पूजा केली. प्रसाद एकाच वाटीत. अंगणात दोन पणत्या लावल्या, एक गाडीच्या बॉनेटवर. नत्थुजी भिंतीवरून म्हणाले, "पाहाजा, पेट्रोल नाही ना तिच्यात?" पेट्रोल नाही. कधीच नव्हतं.

५ नोव्हेंबर, गुरुवार. पाडवा.

पाडव्याला सुभद्रा ओवाळते. मी पाटावर बसतो, ती कुंकू लावते, तबक फिरवते आणि दर वर्षी टोपीच्या काठाला तेलाचा एक थेंब लागतो. आज नवी टोपी घातली. कोरीच राहिली.

काय करावं सुचेना, म्हणून टोपी काढून गाडीखाली शिरलो. सेट नेला नव्हता, पेटी उघडतच नाही. नुसताच पडून राहिलो. पाठीखाली काही टोचलं. काढून पाहिलं, तर तो गंजका पाना. ती निघाली त्या सकाळी तिनं हातात दिलेला.

नटावर लावला. बसला. सैल नाही, घट्ट नाही. गोल झालेल्या कोपऱ्यांवरही बसला. फिरवला, तर एका दमात नट सुटला.

इंजिनाचं झाकण काढलं. आत पाहिलं.

आत काय आहे, ते मला कळलं नाही.

बराच वेळ पाहिलं. काळं होतं. उंदरानं आणलेला कापूसही होता थोडा, आमच्याच जिनिंगचा असावा. झाकण लावलं. नट घट्ट केला. पाना धोतराला पुसला.

तिथून अंगणाचं दार दिसतं. माणूस दारातून आलं तर आधी पायच दिसतात. कोणी आलं नाही.

६ नोव्हेंबर, शुक्रवार. भाऊबीज.

उद्या सकाळची एस.टी. आज ठरवलं. कारणं लिहायला घेतली होती, पण लिहिली नाहीत.

दोन्ही धोतरं धुतली. पाना पिशवीत टाकला. इंचाचा सेटही घेतला. देवरावच्या विहिरीवर ऑइल इंजिन आहे, एखादी गोटी तिथं बसेल.

७ नोव्हेंबर, शनिवार. हिवरखेड.

कंडक्टर पेटी उचलून म्हणाला, "काकाजी, येच्यात सोनं भरलं काय?" मी म्हटलं, गोट्या. पुढं आकोटपर्यंत तो माझ्याकडे अधूनमधून पाहत होता.

उतरलो. ती दारात उभी होती. माझ्या मागून आणखी तिघे उतरले, पण तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"आले काय," म्हणाली.

मी म्हटलं, मोटारीचं असं झालं की नट विलायती असल्यामुळे... ती म्हणाली, "पह्यले पाय धुवा."

पाय धुतले. तिनं पाटावर बसवलं आणि तबक आणलं. मी म्हटलं, पाडवा तर झाला. म्हणाली, "तुमचा झाला असंन." ओवाळताना टोपीला तेल लागलं.

मग पेटी पाहिली. झाकण निघेना, तेव्हा बोट फिरवून नाकाशी नेलं. "हे जवसाचं तेल व्हय ना? हे वायते. गोंदासारखं होते." मी म्हटलं, देवासाठी शुद्ध म्हणून वापरलं. ती हसली नाही, पण तोंडाला पदर लावला. पेटी माझ्या हातातून घेऊन आपल्या ट्रंकेजवळ ठेवली. "घरी गेलो का राखीनं घासू. येळ लागंन."

ऑइल इंजिनाचा विषय मी काढला नाही. गाडीचा तिनं काढला नाही. पिशवीतला पाना तिला दाखवला, तर म्हणाली, "मंग काय, मी दिला तोच तं हाय."

उद्या सकाळच्या एस.टी.नं दोघं निघणार.

सुभद्राला न्यायला येईन असं म्हटलं होतं. आलो.