खून माळ्यानंच केला

प्रिय उमा,

ह्या खेपेला 'प्रिय' लिहिलंय खरं, पण महेश्वरीनं ते मोठ्यानं वाचताना हसू नये, एवढं तिला आधीच सांगून ठेवतो. आपल्या पिढीत कुणी बायकोला प्रिय लिहिलंय? मला लिहायची सवय म्हणजे ताटावाटीवर नाव घालण्यापुरती. 'मामाकडून सप्रेम भेट' याच्या पुढं माझा हात कधी गेला नाही. पण फोनचा आता कंटाळा आलाय. महेश्वरी फोन तुझ्या कानाला लावते, तिकडून नुसता तुझा श्वास ऐकू येतो. मी 'जेवलीस का' म्हणतो, 'गोळ्या घेतल्यास का' म्हणतो, आणि मग माझीच बोलती बंद होते. लकवा मारला तेव्हापासून तुझी जीभ वळत नाही, बाकी तुला सगळं कळतं, हे मला माहीत आहे. तू तिकडं परभणीला लेकीकडं, मी इकडं वालूरला आपल्या भांड्यांच्या दुकानात. म्हणून पत्र बरं. पत्र ऐकणाऱ्यानं लगेच उत्तर द्यायलाच पाहिजे असं काही नसतं.

तुझा बोलायचा व्यायाम घ्यायला येतात त्या मंजुषा मॅडमनी मला बजावून ठेवलंय. म्हणाल्या, काका, त्यांना पहिलीतल्या पोरासारखं 'म्हणा पाणी, म्हणा चहा' करू नका, त्यांच्या आवडीचं काहीतरी बोला. तुझ्या आवडीचं म्हणजे भांडी तर नव्हंच. मग तुझ्या उशाशी जी चळत होती ना, तू वाचून संपवलेली आणि वाचनालयात परत द्यायची राहिलेली, तीच काढली. दिनकररावांना सांगून आलो, पुस्तकं अजून आमच्याकडंच राहू द्या, मी वाचायलोय. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. वाचनालय चालवून त्यांचे केस पिकले, पण मला त्यांनी पुस्तक मागताना कधी बघितलं नव्हतं. तर आता माझं मत ऐक. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि मत जास्त, अशी सध्या माझी गत आहे.

खुनाच्या पुस्तकाचं मागच्या पत्रात लिहिलं होतं, तेच परत ठासून लिहितो. खून माळ्यानंच केला. तो थंड हवेच्या गावातला म्हातारा वकील, त्याची विधवा बहीण, दातांचा डॉक्टर असलेला भाचा, सगळ्यांची मी नीट झडती घेतली. माळ्याच्या बुटाला चिखल होता, खुरपं त्याचंच होतं, आणि शेवटी पोलीस त्यालाच जीपमध्ये घालून नेतात. अजून काय पुरावा पाहिजे? पुस्तक एकदम वाक्याच्या मधेच संपतं, तो त्या लेखकाचा ढंग असेल, मला तर आवडला. बहीण बिचारी पहिल्या पानापासून डोळ्याला पदर लावून बसलेली, तिच्यावर कोण संशय घेईल? तू उगं प्रत्येक खुनात घरातलंच माणूस शोधतीस. ती तुझी खोड आहे.

मग ती प्रेमाची कादंबरी. तालुक्याच्या शाळेतली बाई, तिचा भला नवरा, आणि धरणाच्या कामावर आलेला इंजिनिअर. हे वाचून तू दोन दिवस नाक ओढत होतीस आणि मला वाटलं सर्दी झाली, म्हणून मी तुला काढा करून दिला होता. तो तू मुकाट्यानं प्यालीस, हे आता आठवून हसू येतं. तर माझं म्हणणं असं की त्यात रडण्यासारखं काहीच नाही. शेवटी बाई बॅग भरते आणि त्या इंजिनिअरबरोबर निघून जाते, लय बरं करते. धरण बांधणारा माणूस, पगार पक्का, सरकारी बंगला. नवऱ्याचं काय, तो शेवग्याच्या शेंगा सोलत बसणारा माणूस, त्याला काही फरक पडत नाही. इतका गोड शेवट असलेलं पुस्तक वाचून बायका रडतात कशाला, ते मला अजून कळलेलं नाही.

चळतीत स्वयंपाकाचंही एक पुस्तक निघालं. जावईबापूंनी, शिवकांतरावांनी, दिवाळीला तुला दिलेलं, मोठ्या रंगीत फोटोंचं. त्यात आपल्याकडच्या येसराच्या आमटीचं पान आहे. शेजारची बबिता भाकरी देऊन जाते, आमटी मात्र माझी मीच करायलोय. तू भाजून दळून ठेवलेलं येसर बरणीत अजून शिल्लक आहे, मसाल्याचा वास जसाच्या तसा. पुस्तकात लिहिलंय, आमटीला उकळी आली की गुळाचा मोठा खडा घालावा. मी घातला. उमा, काय सांगू, अशी आमटी मी जन्मात खाल्ली नाही. आपल्या घरी आजवरच्या सगळ्या लग्नकार्यात तू पंगतीला नुसतं तिखट वाढलंस आणि लोक नाक पुसत जेवले, त्या सगळ्यांचं मला आता वाईट वाटायलंय. बबितालाही सांगितलं, येसरात गूळ पाहिजेच. ती 'काकूंनी ऐकलं तर' म्हणाली आणि तोंडाला पदर लावून पळाली.

परवा दुकान उघडताना मठाकडून पोथीचा आवाज आला आणि मला आपले श्रावण आठवले. तू ओवी वाचायची आणि मी अर्थ सांगायचा, अशी आपली जोडी होती. खरं तर अर्थ सांगायला मला बसवलं ते माझा आवाज मोठा म्हणून. ओवी एक म्हणायची, मी भलतंच सांगायचो. देव वनात गेले म्हटलं की मी त्या वनात सीताफळाची झाडंसुद्धा लावून मोकळा व्हायचो. मग तू थांबायचीस. रागानं नव्हं, नुसती थांबायचीस, आणि सगळा मठ थांबायचा. 'अवो, तसं न्हाई ते.' एवढं म्हणून नीट अर्थ सांगायचीस आणि पुढची ओवी घ्यायचीस. बायका पदराआड हसायच्या. मठाचे अप्पास्वामी एकदा म्हणाले होते, वीरभद्रअप्पा चुकतात म्हणून आम्हाला अर्थ कळतो. मला काय त्याचं कधी वाईट वाटलं नाही. घरी येताना तू परत एकदा सगळं समजावून सांगायचीस, आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत.

असो, पुस्तकांवर येतो. बर्फाच्या देशातलं ते प्रवासवर्णन मी निम्म्यावर सोडलं. हा गृहस्थ कुत्र्यांच्या गाडीतून हिंडतो, मासे खातो, आकाशात हिरवा उजेड बघतो, आणि पानोपानी म्हणतो की शांतता काय सुंदर असते. कुत्री, बर्फ, बाकी चिटपाखरू नाही, कुणी बोलायला नाही, आणि हा खूश! मला त्याला वालूरला बोलवायचंय. चार दिवस आपल्या घरात राहून बघ म्हणावं, मग लिही शांततेवर.

आणि ते पुढच्या काळातलं पुस्तक, यंत्रांचं. त्यात माणसं तोंडानं बोलायचं विसरून गेलीत. कपाळाला एक चकती लावायची, की ह्याच्या मनातलं त्याच्या मनात. भांडण नाही, गैरसमज नाही, कुणाला कुणाचं काही विचारावं लागत नाही. दिनकरराव म्हणाले, लय विचार करायला लावणारं पुस्तक आहे. मला त्यानं नुसता राग आणला. मला तुझ्या मनातलं कळतं गं, त्याला चकती लागत नाही. मी दारात आलो की तू डोळ्यांनी विचारतीस, बस मिळाली का, जेवून निघालात का, ते मला कळतं. पण मला तेवढ्यावर भागवायचं नाही. मला तुझा आवाज पाहिजे, आहे तसा, थोडा घोगरा, शटरपाशी येऊन डबा विसरला म्हणून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडणारा. त्याच्याशिवाय मला घरात करमत नाही. आता लिहून टाकलं. महेश्वरी, इथं थांबू नको, पुढं वाच.

शेवटी कवितांचं. पातळ पुस्तक आहे, मनात म्हटलं एका चहात संपेल. एकेका पानावर आठ-दहा ओळी आणि खाली सगळा कागद कोरा, आधी मला त्या कोऱ्या कागदाचीच हळहळ वाटली. बऱ्याचशा डोक्यावरून गेल्या. पण एका कवितेतली बाई दिवसभर घरातल्या वस्तूंशी बोलते. उतू जाणाऱ्या दुधाला दटावते, कुकरला म्हणते थांब जरा, उंबऱ्याला विचारते आज कोण येणार. आणि संध्याकाळी घरातली माणसं आली की तिच्याकडचं बोलणं संपलेलं असतं. ते पान तू कोपऱ्याला दुमडून ठेवलं होतंस. मी ते गल्ल्यावर बसून वाचत होतो. एक बाई कळशी दाखवा म्हणत होती, तिला मी पातेलं काढून दिलं. तू घरात दिवसभर कुणाशी बोलायचीस, हे मला कधी विचारायचं सुचलं नव्हतं. आता मी तव्याशी बोलतो. काल बबिता आली नाही, तर त्याला म्हटलं, बाबा, एक तरी भाकरी न चिकटता निघू दे.

बाकी इकडं सगळं ठीक. तुळशीला पाणी घालतो. लिंगपूजेची तुझी जागा रोज पुसून घेतो. औषध वेळेवर घे आणि मॅडमचा व्यायाम टाळू नको. पुढच्या खेपेला दिनकररावांकडून नवीन पुस्तकं घेऊन येतो, आणि माळ्याच्या बाबतीत माझं मत बदलणार नाही.

तुझाच,
वीरभद्र, भांडीवाला

महेश्वरी, ह्या पानामागचं आईला वाचून दाखवू नको, हे तुला एकटीला आहे. मागच्या पत्रात मी माळ्याचं लिहिलं ते खरोखर चुकून. वाचनालयाच्या पुस्तकाची शेवटची पानं फाटून गेलेली, मला काय माहीत, मला वाटलं गोष्ट तिथंच संपली. खून बहिणीनं केलाय, हे दिनकररावांनी नंतर सांगितलं. पण तू ते पत्र वाचलंस आणि तुझा फोन आला, की बाबा, माळ्यापाशी आल्यावर आईनं उशीवर हात आपटला आणि 'न्हाई' म्हणाली. एवढ्या महिन्यांतला पहिला शब्द. मग तुम्ही सगळे गोळा झालात, शिवकांतराव मोबाईल घेऊन शूटिंग करायला बसले, 'परत म्हणा, परत म्हणा' झालं, आणि तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. म्हणून हे पत्र मी ठरवून चुकीचं लिहिलंय. कादंबरीतली बाई नवऱ्याला सोडून जात नाही, स्टँडवरून परत येते आणि त्याच्याशेजारी शेंगा सोलायला बसते. ते पान वाचताना मलाही तसलीच सर्दी झाली. येसरात गूळ मी घातलेला नाही, माझी काय तेवढी हिंमत! कवितेचं आणि चकतीच्या पुस्तकाचं मात्र खरं आहे, ते तसंच वाच. घाई करू नको. इंजिनिअरपाशी थांब, गुळापाशी जास्त वेळ थांब. तिला राग आला तर येऊ दे. तू तिची बाजू घेऊ नको, 'बाबा बरोबरच म्हणायलेत' म्हण. 'परत म्हण' असं कुणीही म्हणायचं नाही. आणि अजून एक. ती 'न्हाई' म्हणाली ते तू मला फोनवर सांगितलंस, पण बेटा, ते तुझ्या आवाजात. मी अजून ऐकलेलं नाही. म्हणून आईला पत्र वाचून दाखवायच्या आधी मला फोन लाव आणि तो तसाच चालू ठेवून तिच्या उशाशी पालथा ठेव. मी इकडं एक शब्द बोलणार नाही, दुकानात गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी.