गवा पलीकडे गेला

माय,

आज दवाखान्यात सानगडीकडची एक बाई आली होती. इंजेक्शन देताना ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमी त्या गवेवाल्या बाईची पोरगी व्हय का जी?" मी हो म्हटलं. लहानपणी तिनं तुला गव्यावर बसून रस्त्यानं जाताना पाहिलं होतं म्हणे. घरी जाऊन सांगितलं तर कुणाचा विश्वास बसला नाही. ती गेल्यावर मी कागद पुढे ओढला. माझी लेकही तुझ्या गोष्टी ऐकते आणि मध्येच विचारते, आजी खरंच गव्यावर बसायची? आता राखण उरली नाही, चौक्यांच्या भिंती पडल्या, ओळखणारी माणसं एकेक करून गेली. म्हणून जे तुला ठाऊकच आहे तेही लिहिते आहे.

जंगलाकाठच्या आपल्या गावांना राखणदार असायचे आणि प्रत्येक राखणदाराचा एक गवा. तो कुणी धरून आणलेला नसायचा, वेसण घालून वळवलेला नसायचा. वासरू स्वतःच जंगलातून बाहेर यायचं आणि कुणा एकापुढे येऊन उभं राहायचं. त्याला जोड बसणं म्हणत. तू परकर घालायच्या वयात तलावाच्या पाळीवर म्हशी राखत होतीस तेव्हा तांबूस अंगाचं एक वासरू तुझ्यापुढे येऊन थांबलं. आजोबांनी त्याला हाकललं, कारण पोरीची जात आजवर राखणदार झाली नव्हती. ते पुन्हा आलं. मग राखणीतली म्हातारी मंडळी आली, बघून गेली आणि म्हणाली, आपण ठरवणारे कोण, त्यानं ठरवलं. तेव्हापासून तुला एकटीला भूक लागली नाही की एकटीला थंडी वाजली नाही. नाल्यात त्याच्या खुरात काटा शिरला की तू चुलीपुढून उठताना लंगडायचीस. बाबा भात वाढताना हसून विचारायचे, "आज तिकडं चारा पोटभर झाला का, का तुले अजून वाढू?" तुझ्या हाताला, तुझ्या लुगड्याला, तू मळलेल्या पिठालासुद्धा त्याच्या अंगाचा वास असायचा आणि आम्हाला तो घराचाच वास वाटायचा.

एकदाच तू माझ्यावर फार रागावली होतीस. मी त्याला नाव ठेवलं होतं. शेजारच्या पोरींसमोर मी त्या नावानं हाक मारली, तर तू सूप खाली ठेवून बाहेर आलीस आणि माझा दंड इतका घट्ट धरलास की बोटं उमटली. म्हणालीस, नाव असलेलं जनावर कुणाच्याही हाकेला जातं. याला हाक मारायची नसते, याच्याजवळ जायचं असतं. मी रडले. संध्याकाळी तू मला त्याच्यापाशी नेलंस. पांढरे मोजे घातल्यासारखे त्याचे पाय आणि त्यावर काळाभोर डोंगर. त्यानं माझा दंड हुंगला आणि तुझ्याकडे बघितलं. तू मान खाली घातलीस. मला तेव्हा फार बरं वाटलं.

तुझं काम काय होतं ते मला एका सकाळी कळलं. मोहफुलं वेचायला गावातल्या बाया गेल्या होत्या, मीही टोपली घेऊन गेले होते. झाडाखाली वाकलेली एक काकू हळूच म्हणाली, कोणी पळू नका. पलीकडच्या झुडपाशी वाघ बसला होता. कुणी ओरडलं नाही. मला माझ्याच श्वासाची भीती वाटत होती. मग मागून पाचोळा दबल्याचा आवाज आला आणि गव्यावर बसून तू आलीस. तुझ्या हातात काठीही नव्हती. राखणदार मारत नाही, हाकलत नाही, तो फक्त आडवा उभा राहतो. तुम्ही दोघं आमच्या आणि वाघाच्या मधे येऊन उभी राहिलात. तू मागे न बघता म्हणालीस, "टोपल्या राहू द्या. एकेक जण जा." आम्ही एकेक करून निघालो. ऊन चढलं, वाघ निघून गेला आणि तू घरी येऊन नेहमीसारखी पेज प्यायलीस. भीती वाटली का, असं मी विचारलं तर म्हणालीस, "मले नाही, त्याले भेव लागलं." मला ते खरं वाटलं. आता वाटतं, तुम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं की भीती कुणाची होती.

मग भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. पहिल्यांदा आपल्याला त्याचं काहीच वाटलं नाही. जंगल तेच होतं, तलाव तेच होते. पण राखणसुद्धा दोन जिल्ह्यांत वाटायची ठरली. राखणदार ज्या गावचा, त्या जिल्ह्यात. गवा ज्या जंगलात जन्मला, त्या जिल्ह्यात. तुझा गवा नव्या जिल्ह्याच्या रेघेपलीकडचा निघाला. बाबा, तू आणि मी कचेरीत गेलो तो दिवस मला पाठ आहे. साहेब वाईट नव्हता. त्यानं तुला खुर्ची दिली, चहा सांगितला, तुझं सगळं ऐकून घेतलं. तू म्हणालीस, मंग आमी गाव सोडून तिकडं राहाले येतो. तो म्हणाला, तिकडच्या जागा भरल्या आहेत, बाई. तू पदर सावरलास आणि विचारलंस,

"साहेब, त्याची माझी जोड हाय. ते कोणत्या जिल्ह्यात मोडते?"

त्यानं पेन खाली ठेवला. मग म्हणाला, "मला खरंच ठाऊक नाही. आणि ठाऊक असतं तरी माझ्या हातात काही नाही." तो आपल्याला जिन्यापर्यंत पोचवायला आला. मी पुढे किती वेळा त्या माणसाचा राग करून बघितला, पण राग टिकत नाही. वाघापुढे आडवं उभं राहता येतं, माय. तिथे कुणापुढे उभं राहणार होतीस?

ट्रक आला तेव्हा धान लोंबीवर होतं. पलीकडच्या माणसांनी दोर आणले होते, बेशुद्ध करायची बंदूक आणली होती. सोबतचा डॉक्टर म्हणाला, या वयाचं जनावर झोपवलं तर उठेलच असं सांगता येत नाही. तू त्यांना थांबायला सांगितलंस. तू त्याला तलावात नेलंस, गवताच्या बोळ्यानं घासून धुतलंस आणि वर बसून गावातून आणलंस. लोक दारात येऊन उभे होते. ट्रकमागे मातीचा चढ केला होता, त्यावरून तूच त्याला आत नेलंस. खाली उतरलीस, त्याच्या कपाळाला कपाळ लावलंस. मला फक्त तुझी पाठ दिसत होती. मग तू बाजूच्या फळीवरून बाहेर आलीस. तो वळायला लागला. जागा नव्हती, तरी वळायला लागला आणि सगळा ट्रक हलला. तू म्हणालीस, "उभा राह्य." तो उभा राहिला.

त्या रात्री नाही, त्यानंतर कितीतरी दिवसांनी तू बाबांना म्हणालीस, "मी उभा राह्य म्हटलं अन् तो राहिला. आयकलं नसतं तर बरं झालं असतं." बाबा तुझ्या पायांना तेल लावत होते, ते लावत राहिले.

आधी ताप आला. ताप उतरला, पण तू पुरती परत आली नाहीस. तांदूळ निवडता निवडता थांबायचीस आणि म्हणायचीस, तिकडं पाऊस पडून राहिला. कधी म्हणायचीस, आज त्यानं खाल्लं नाही. एकदा दुपारी कळवळून पाठ धरलीस आणि म्हणालीस, कोणी तरी मारलं त्याले. आम्ही ऐकायचो. ऐकण्यापलीकडे करण्यासारखं काय होतं? बाबा एस.टी.नं पलीकडे जाऊन आले, लांबून बघून आले. एकदा तुलाही घेऊन गेले. तुझा वास येताच त्यानं कुंपण मोडलं. त्यावर तिथल्या लोकांनी हात जोडून सांगितलं की बाईंना पुन्हा आणू नका, जनावराला इजा होते. त्यांचंही खोटं नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडताना शेजारच्या गावातली बाई वाघानं नेली. दुसऱ्या दिवशी तू पहाटे निघून गेलीस. बाबांनी शोधलं तेव्हा तू जंगलाच्या तोंडाशी एकटी, पायी, आडवी उभी होतीस. ते तुला हाताला धरून घेऊन आले. वाटभर ते तुला समजावत होते, "पायी माणसाले वाघ कायले मोजते?" आणि तू म्हणत होतीस, मोजू दे नाही तं नको मोजू.

मी नर्सिंगला नागपूरला निघाले तेव्हा त्याच्या पाठीवर टाकायची घोंगडी तू मला दिलीस. होस्टेलच्या पोरी म्हणायच्या, हिच्या खाटेला गोठ्याचा वास येतो. मी ती दोनदा धुतली, वास गेला नाही. थंडीत मी ती तोंडावर ओढून झोपायचे.

बाबा गेले आणि मी तुला मोहाडीला माझ्या क्वार्टरमध्ये आणलं. मी नर्स, तुझी नाडी बघायचे, रक्त तपासायला पाठवायचे. सगळं ठीक यायचं. डॉक्टर म्हणायचे, म्हातारपण आहे. तुझं वय म्हातारपणाचं नव्हतं. तू दिवसेंदिवस हलकी होत गेलीस आणि मी गोळ्या बदलत राहिले. त्या दुपारी बाजाराचा दिवस होता, रस्त्यावर गलका होता. तू खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपली होतीस आणि मी शेजारी पालेभाजी निवडत होते. फोन वाजला. पलीकडच्या चौकीतला पोरगा होता, तुझ्या गव्याचं चारापाणी करणारा. त्यानं विचारलं, "ताई, माय बरी हाय ना जी? तो एकदम खाली बसला, अन् उठूनच नाही राहिला." मी म्हटलं, बरी आहे, झोपली आहे. आणि बोलता बोलता तुझ्या खांद्यावर हात ठेवला.

तुझं शेवटचं सगळं आटोपून मी पलीकडे गेले. तो तसाच बसून होता, तोंड आपल्या गावाच्या दिशेला. मी तुझं लुगडं नेलं होतं, कोंडा नेला होता, मोहफुलं नेली होती. दवाखान्यातून ग्लुकोजही नेलं होतं, बादलीत कालवून त्याच्या तोंडापुढे धरलं. तो पोरगा बिचारा माझ्याबरोबर बादली धरून वाकून उभा राहिला. गव्यानं पाण्याला तोंड लावलं नाही. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला, पुष्कळ वेळ ठेवला. मला काहीही जाणवलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं ते रस्त्यानं जाणाऱ्या कुणाकडेही बघावं तसं. मी तिथे असतानाच त्यानं मान टेकली. पोरगा रडला. मला रडूही आलं नाही.

हे तुझ्यापर्यंत जायचं नाही हे मला कळतं, म्हणूनच एवढं लिहिता आलं. एक मात्र आजवर कुणाला बोलले नाही. हाताच्या अंतरावर बसून मला जे कळलं नाही, ते त्याला तिकडे इतक्या लांब, जंगलात कळलं. माय, तू गेल्याच्या दुःखाआधी मला त्याचा हेवा वाटला होता. अजून वाटतो.